रिकाम्या हातानं गेलेली माणसं

सुजाता भगत कोणत्याही दुकानात कामाला आली की आधी स्वतःचा मोबाईल बंद करायची आणि पर्समध्ये टाकायची. तिचा धंदाच मोबाईलवरचा. कार्डावर छापलेलं होतं, 'डिजिटल मार्केटिंग सल्लागार, लहान व्यवसायांसाठी'. त्यामुळे दुकानदार चक्रावून जायचा. त्याला वाटायचं, ही बाई आता चार बोटं फिरवणार आणि संध्याकाळपर्यंत आपल्या दारात रांग लागणार. ती मात्र एखादा स्टूल ओढून कोपऱ्यात बसायची, मांडीवर लांबडी वही उघडायची आणि म्हणायची, "तुमी तुमचं काम करा. आज मी काही करणार नाई. मले फक्त पाहू द्या."

आणि खरोखर दिवसभर पाहत बसायची. कोण आलं, काय विचारलं, ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. घेऊन गेला असेल तर पुढे बारीक रेघ. न घेता गेला असेल तर त्या ओळीभोवती चौकट. संध्याकाळी दुकानदार विक्रीच्या गोष्टी सांगायला लागला की ती हात वर करून त्याला थांबवायची. "घेऊन गेला तो तुमचाच आहे. रिकाम्या हातानं गेला तो काहून गेला, ते बोला." बहुतेकांना ते सांगता यायचं नाही. गेलेल्या माणसाकडे कोण बघतो?

राळेगावच्या बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. सुजाताला फोटो लागायचे आणि मला काम, म्हणून चार-पाच वर्षं मी तिच्या मागे कॅमेरा घेऊन हिंडलो. ती मला भाऊ म्हणायची, वयानं माझ्या मुलीएवढी होती आणि झापायची मात्र सासूसारखी. ती इथलीच, बुद्धविहारामागच्या गल्लीतली. पुण्यात एका मोठ्या जाहिरात कंपनीत सात वर्षं होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभरासाठी म्हणून आली आणि राहिली. लोक विचारायचे, एवढी नोकरी सोडली कायले? ती सांगायची, "तिथं मी ज्याले कधी पाह्यलं नाई त्याले, जे मी कधी वापरलं नाई ते विकून राह्यली होती. इथं निदान माणूस तरी दिसते."

माझी तिची ओळख झाली तीच अपमानानं. पासपोर्ट फोटो काढायला म्हणून आली. फोटो झाल्यावर मी दुपारच्या झोपेला निघालो तर ही बाकावरून हलेना. म्हणाली, आईच्या गोळ्या यायच्या आहेत बसनं, बसू का? मी म्हटलं बस. चारला डोळे चोळत बाहेर आलो तेव्हा तिनं मला एक कागद दिला. मी झोपलेला असताना सहा जण येऊन, शटर अर्धं खाली पाहून गेले होते. त्यातल्या दोघांना नोकरीच्या फॉर्मसाठी आत्ताच्या आत्ता फोटो हवा होता. आणि माझ्या बोर्डावर हातभर अक्षरात 'अर्जंट फोटो'.

मी चिडलो. म्हटलं, पस्तीस वर्षं झोपतोय दुपारी, आता सोडू का? ती म्हणाली, "सोडा कोण म्हणते? झोपा न. पण सांगून झोपा." आणि तिथंच माझ्या दुकानाला मोबाईलवरच्या नकाशात चढवून खाली लिहिलं, दुपारी एक ते चार बंद. मला लाज वाटली. आपली झोप अख्ख्या जगाला कळवायची म्हणजे काय! पण पंधरा दिवसांत माणसं बाराला नाहीतर चारनंतर यायला लागली, आणि कोणी शटरवर नाणं वाजवून मला उठवेनासं झालं. धंद्याचं जाऊ द्या, झोप सुधारली. तेव्हापासून मी तिचा भक्त.

फोटोच्या बाबतीत मात्र आमचं रोज वाजायचं. माझा हात सवयीनं चेहरे उजळ करायचा. लग्नाच्या फोटोंत पस्तीस वर्षं तेच केलं. ती स्क्रीनवर बोट ठेवायची, "हे काय केलं भाऊ? हा माणूस कोण आहे? पहिले होता तसा करा." मिठाईवाल्याच्या काउंटरमागची पोपडे आलेली भिंत मी एकदा गुळगुळीत करून दिली, तर तिनं फोटो परत पाठवला. "फोटो पाहून गिऱ्हाईक येते आणि भिंत पाहून परत जाते. मंग त्याले पेढाही खोटा वाटते." शेवटी मिठाईवाल्यानं भिंत रंगवली आणि मग आम्ही फोटो काढला. तिच्या सल्ल्यातला निम्मा भाग असा असायचा. मोबाईलशी त्याचा काही संबंध नसायचा.

हार्डवेअरवाले गोविंदशेठ हे तिच्यासमोरचं मोठं प्रकरण. त्यांच्या भाच्यानं नागपूरहून त्यांना काहीतरी विकत घेऊन दिलं होतं आणि दुकानाच्या मोबाईलवरच्या पानावर हजारो लोकांचे आवडल्याचे अंगठे आले होते. शेठ हरखले होते. चौकात प्रत्येकाला फोन दाखवायचे. सुजातानं तो शांतपणे पाहिला, वरून खाली सरकवला, आणि एकेक नाव वाचायला लागली. नावं वाचता येईनात. कोणाच्या मागे समुद्र, कोणाच्या मागे बर्फ. ती म्हणाली, "शेठजी, याच्यातला खिळे घ्यायले राळेगावले कोण येते ते एकदा सांगा." शेठ म्हणाले, पण आकडा तर दिसून राहिला ना मोठा! "आकडा दिसते," ती म्हणाली, "पण तो पाइप विचारत नाई." शेठनी तिला त्या दिवशी काम दिलं नाही. आठ महिन्यांनी दिलं. ती स्टूल घेऊन कोपऱ्यात बसली.

ती हट्टी होती. एका गावात एकाच धंद्याच्या दोन दुकानांचं काम घ्यायची नाही. चहा बिनदुधाचा, आणि तो नसेल तर चहाच नको. कोणी चुकलं तर तोंडावर सांगायची, आणि स्वतः चुकली तर तेही तेवढ्याच मोठ्या आवाजात. या दुसऱ्या गुणाची गोष्ट मला सांगायची आहे.

बोंडअळीनं कापूस खाल्ला ते वर्ष. बोंड बाहेरून चांगलं दिसायचं आणि आत अळी. लोक फवारणीवर फवारणी करत होते, दोन-दोन औषधं मिसळून, भर उन्हात, कपाशी डोक्याएवढी वाढलेली असताना. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. त्या पावसाळ्यात फवारणारी माणसं चक्कर येऊन, डोळ्यांपुढं अंधारून यवतमाळच्या दवाखान्यात जायला लागली. आज या गावचा, उद्या त्या गावचा. बाजारपेठ सुकली ते वेगळंच. कापूस नाही तर कापडही नाही, फोटोही नाही.

कळंब रस्त्यावर इंदल राठोडचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. तांड्यावरचा माणूस, चाळिशीचा, बोटं कायम काळी. पाठीवरचा कोणताही फवारणी पंप तो डोळे मिटून उघडायचा. पण थोड्यांनी नवे बॅटरीचे पंप घेतले, बाकीचे भाव विचारून जायचे, आणि इंदलचं घर चालेना. दिवाळीनंतर दुकान बंद करून नवरा-बायको हैदराबादला बांधकामावर जाणार, असं त्यांचं ठरलं होतं. मी हे सुजाताला सहज सांगितलं. ती ताडकन म्हणाली, "मंग जुने पंप कोण उघडन?" तालुक्यात दुसरं कोणीच नव्हतं. बॅटरीचा पंप घेणारे थोडे, आणि जुन्या गळक्या पंपांनी फवारणारे सगळे. इंदल गेला असता तर ते पंप तसेच गळत राहिले असते, माणसांच्या पाठीवर.

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन त्याच्या दुकानात बसली.

दिवसभरात अकरा जण आले. नऊ चौकटी. प्रत्येकानं वेगवेगळ्या तऱ्हेनं एकच सांगितलं होतं: पाठ ओली होते. इंदल पंप हलवून बघायचा, वायसर, म्हणजे आतली रबरी चकती, गेलं म्हणायचा, संध्याकाळी या म्हणायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "विचारून येतो." आणि जायचं. इंदल म्हणाला, "ताई, हे लोक फक्त भाव काढाले येते."

सुजातानं वही मिटली. तिचं निदान झालं. संध्याकाळपर्यंत थांबायला माणसाला वेळ नाही, म्हणून तो जातो. एक दिवस ठरवा, त्या दिवशी हातोहात पाहून द्या, तपासणी फुकट. तिनं मजकूर लिहिला तो वहीतलाच उचलून: 'पाठ ओली होते का? पंप गळत असन तर औषध आंगात जाते. येत्या शनिवारी इंदलभाऊ राठोडच्या दुकानात पंप धुऊन आणा. कळंब रोड, राळेगाव. तपासणी फुकट.'

इंदल बिचकला. "ताई, शुद्ध लिहा न जरा. लोकं हसतीन."

"हसू द्या. हसला तो वाचला," ती म्हणाली, आणि मजकूर गावोगावच्या ग्रुपवर गेला.

शनिवारी दुकानासमोर पंपच पंप. इंदलची बायको त्यांच्या गोरमाटी बोलीत नवऱ्याला काहीतरी बोलली आणि साबणाचं पाणी करायला बसली. मी फोटो काढले. सुजाता खुशीत होती. तिची खुशी म्हणजे दोन कप काळा चहा.

पुढच्या शनिवारी कोणी यायचं नव्हतं, आणि पहिल्यापेक्षा जास्त आले. त्याच्या पुढच्या शनिवारी पांढरकवड्याकडून आले, पंप मांडीवर घेऊन एसटीत बसून. कंडक्टरशी भांडून आले होते. मजकूर हातोहात फिरत होता, आणि ज्याला ज्या दिवशी मिळेल त्याचा तो येता शनिवार. पुण्यात सात वर्षं जाहिराती केलेल्या बाईनं तारीखच टाकली नव्हती. आमच्याकडे बोलताना कोणी तारीख सांगत नाही, येत्या शनिवारी, येत्या बाजाराला असंच म्हणतो. तिनं लोकांची बोली उचलली ती त्यांच्या सवयीसकट उचलली.

इंदल मेटाकुटीला आला. बाकीचं काम खोळंबलं. तो मला म्हणाला, "भाऊ, दुकान चालवाले बोलावलं ताईले, आता दुकानच बसते का काय."

ती आली, दुकानाच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक माझी आहे. तारीख टाकाची राह्यली. आता हे लोक येतीन तवरी दर शनिवारी मी इथं राहीन, कोणाले परत पाठवाचं नाई." बाकी कोणाचं काम तिनं शनिवारी घेतलं नाही. नंबर लावायची, पंप धुवून घ्यायची, वही भरायची. मी तिला म्हटलं, नवा मजकूर टाक, शनिवार बंद म्हणून. ती म्हणाली, "भाऊ, जो मांडीवर पंप घेऊन एसटीत बसला, त्याले बंद सांगू?"

आणि म्हणूनच तिला तिची खरी चूक सापडली. तारखेची चूक त्यापुढे काहीच नव्हती.

तपासणी हातोहात होत होती, वाट पाहायला लागत नव्हती, तरी वहीत चौकटी पडतच होत्या. वायसर बदलायचं म्हटलं की माणूस म्हणायचा, विचारून येतो. चौथ्या की पाचव्या शनिवारी तिनं एका उंच, वाळक्या माणसाला दारातच अडवलं. "दादा, कोणाले विचारून येता?"

"मालकाले," तो म्हणाला. "पंप मालकाचा हाय न बाई. मी मजुरीनं फवारतो."

"मंग मालकाले सांगा, गळून राह्यला."

तो जरासा हसला. "त्याले कायले समजन? मालकाची पाठ कोरडीच हाय."

 सुजाता स्टुलावर जाऊन बसली आणि वहीची मागची पानं उलटत राहिली.  मग म्हणाली, "पहिल्याच दिवशी नऊ जणं हेच सांगून गेले होते भाऊ. मी लिहिलं होतं. वाचलं नाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं असावं.

पुढचे दोन दिवस ती कोणत्याच दुकानात गेली नाही. तांड्यावर गेली, बौद्धपुऱ्यात गेली, निंदणाऱ्या बायकांबरोबर बांधावर बसून आली. येताना एकच प्रश्न घेऊन आली: फवारणाऱ्याचा शर्ट धुतं कोण? मला म्हणाली, "कॅमेरा घ्या." एका घरामागच्या तारेवर धुतलेला निळा शर्ट वाळत होता. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळट डाग, तीनदा धुऊनही न गेलेला. तो मी काढला. उजळ केला नाही, काही केलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे, आणि त्यात माणूस नाही.

त्याखाली तिनं लिहिलं: 'बाई, शर्ट धुताना पाठीले औषधाचा वास येते का? म्हणजे पंप गळते. तो पंप दुरुस्त झाल्याबिगर पाठीवर घेऊ देऊ नका.' खाली इंदलचं नाव, पत्ता, वार आणि या वेळी तारीख. हा मजकूर पुरुषांच्या ग्रुपवर तिनं टाकलाच नाही. बचतगटाच्या बायकांना दिला. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांना मीटिंगमध्ये वाचून दाखवला.

मला वाटलं होतं, बायका काय करणार? पंप तर मालकाचा. पण त्या काय करू शकतात ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. कापूस त्याच वेचतात, निंदण त्याच करतात, आणि मालकिणीशी रोजचं बोलणं त्यांचंच. एका गावात सात घरच्या बायकांनी मालकिणीला सांगितलं, पंप नीट करून आणा, मग आमचा माणूस येईल फवारणीला. फवारणीच्या दिवसांत हे ऐकून न घेणं मालकाला परवडणारं नव्हतं. पुढच्या शनिवारी दुकानासमोर मोटारसायकली होत्या. मालक स्वतः पंप घेऊन आले होते, थोडे घुश्शात, पण आले होते. आणि 'विचारून येतो' म्हणायचं त्यांना कारण नव्हतं.

त्या दिवाळीनंतर इंदल हैदराबादला गेला नाही. त्याच्या बायकोला सुजातानं मजकूर लिहायला आणि फोटो टाकायला शिकवलं. हंगाम संपायच्या आत ती नवऱ्यालाच विचारायला लागली, आज कोण रिकाम्या हातानं गेलं? हे ऐकलं आणि सुजातानं तिथलं काम संपवलं. तिची ती रीतच होती. दुकानदाराला स्वतःला जमायला लागलं की ती स्टूल जागेवर ठेवून निघून जायची. थोड्याच दिवसांत तिला पांढरकवड्याला काम मिळालं, मग नागपूरला, आणि आईला घेऊन ती तिकडेच गेली. फोन येतात. भेट झाली नाही.

मी तिला कामावर शेवटचं पाहिलं ते त्याच हंगामातल्या तिच्या शेवटच्या शनिवारी, इंदलच्या दुकानासमोर.

दुपारी केळापूरकडच्या एका गावची बाई आली. पंप तिनं स्वतःच्याच पाठीवर बांधून आणला होता. नवरा नऊ दिवस यवतमाळला दवाखान्यात होता. वाचला होता. सोमवारी घरी येणार होता आणि हा हंगाम सोडला तर वर्षभर काही नाही, म्हणून पुन्हा फवारणीला जाणार होता. तिनं रोखलं तरी जाणार होता. म्हणून मालकाकडून पंप मागून आणला होता. इंदलनं तो साबणानं तीनदा धुतला, झाकणाचं आणि खालचं, दोन्ही वायसरं बदलली, पाणी भरून टेबलावर ठेवला आणि दट्ट्या मारून दाखवला. थेंब नाही.

बाई हलली नाही. "टेबलावर नाई गळत तो," ती म्हणाली. "पयलेही नाई गळे. पाठीवर घेतला, माणूस वाकला, का मंग गळते."

इंदल म्हणाला, "बाई, मी सांगतो न, आता नाई गळणार."

"कृषी केंद्रवाल्यानंही सांगतलं होतं. तोही सांगे."

सुजाता उठली. तिनं अंगावरची ओढणी काढून माझ्या हातात दिली. फिकट पिवळा कुर्ता होता, पाण्याचा थेंबही दिसला असता. तिनं इंदलला पंप काठोकाठ भरायला लावला, पट्टे खांद्यावर चढवले आणि रस्त्याच्या कडेला उतरली. एवढं ओझं पाठीवर घेतल्यावर आधी ती झोकांडली, मग सावरली. उजव्या हातानं दट्ट्या मारत, डाव्या हातात नळी धरून, कपाशीतून चालतात तशी वाकून वाकून ती दुकानापासून लिंबाच्या झाडापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली.  रस्त्यानं जाणारे थांबून पाहत होते. तिच्या कपाळावरून घाम वाहत होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता. मला हाक मारावीशी वाटली, पुरे झालं म्हणून. पण ती माझ्या सांगण्यानं थांबणारी नव्हती, आणि तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटत होता. टाकी रिकामी होईपर्यंत ती चालली. मग त्या बाईसमोर आली, पाठमोरी झाली, पट्टे सोडले आणि पंप खाली ठेवला.

"हात लावून पाहा," ती म्हणाली.

बाईनं नुसतं पाहिलं नाही. तिनं पंजा पूर्ण उघडला आणि सुजाताच्या मानेपासून कमरेपर्यंत, दोन्ही खांद्यांखाली, मणक्यावर, सावकाश फिरवला. मानेशी घाम होता. तो तिनं बोटांवर घेऊन वास घेतला. पुन्हा हात लावला. सुजाता मान खाली घालून उभी होती.

"घामच हाय," बाई म्हणाली. मग खाली वाकून पंप उचलायला लागली. "आता नेतो."